सरकत्या बाजूचं बेअरिंग

१

पंखा बंद पडल्याची नोंद आधी झाली, बन्सी ढाकणे गेल्याची नंतर. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पंख्याची नोंद कंट्रोल रूममधलं यंत्र आपोआप करतं. माणसाची नोंद माणसालाच करावी लागते, आणि माणसं तेव्हा धावत होती.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला हा पोलादाचा कारखाना. भट्टीतला तापलेला धूर ओढून धुराड्याकडे ढकलणारा पंखा चांगला दुमजली घराएवढा. त्याचा जाडजूड दांडा, म्हणजे शाफ्ट, दोन टोकांना दोन बेअरिंगांवर फिरायचा. त्यातल्या एका टोकाचं बेअरिंग आणि ते ज्यात बसतं ते ओतीव घर, म्हणजे हाउसिंग, दसऱ्याला नवं बसवलं. नारळ फुटला, पेढे वाटले. कोजागिरी यायच्या आत ते बेअरिंग तापून लाल झालं, शाफ्ट तुटला आणि पंख्याचं एक पातं पत्रा फाडून बाहेर आलं. बाहेर बन्सी ग्रीसची पिचकारी घेऊन उभा होता. बेअरिंग ओरडतंय, थोडं ग्रीस देऊन बघतो, असं सांगून तो गेला होता.

बन्सी बीडकडचा. जवळच्या दांडी गावच्या निमेश तामोरेचा जोडीदार. निमेश फिटर, बन्सी त्याच्या हाताखालचा, आणि दोघांचं इतकं जमायचं की एकाकडे पाना मागितला तर दुसरा द्यायचा.

विमा कंपनीने आपली सर्वेअर पाठवली. उत्कर्षा चुरी, राहणार माकुणसार. प्लांट हेड साहेबांनी तिला चहा दिला, बिस्किटं दिली आणि एक छापील अहवाल पुढे सरकवला.

"चौकशी झालीय मॅडम. फिटरने कबूल केलंय. 'बन्सीला मी मारला,' असं स्वतःच्या तोंडाने म्हणालाय. शनिवारी पोलीस अटक दाखवतील."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"सहीसाठी."

उत्कर्षाने बिस्कीट खाल्लं. "काय केलं म्हणतो तो? म्हणजे नेमकं?"

साहेबांनी अहवाल उलटसुलट करून पाहिला. तेवढं मात्र त्यात नव्हतं.

२

मेंटेनन्सचे प्रमुख दिग्विजय पवार साताऱ्याचे. अपघातापासून ते रोज दाढी करून येत होते, कारण कधीही कुणीही फोटो काढेल अशी त्यांना धास्ती होती.

"मॅडम, आधीच सांगतो. बेअरिंग सैल बसवायला मीच सांगितलं होतं. ते लिहून घ्या आणि मग ऐका."

"सैल का?"

"शाफ्ट तापला की लांबीला वाढतो. दोन्ही टोकं आवळून धरली तर तो वाढणार कुठे? म्हणून एक टोक पक्कं धरायचं आणि दुसऱ्या टोकाचं बेअरिंग आपल्या घरात आडवं सरकू द्यायचं. त्यासाठी हाउसिंगचं भोक बेअरिंगपेक्षा थोडं मोठं लागतं."

"थोडं म्हणजे?"

"बेअरिंग परातीएवढं आहे. त्याच्या सगळ्या रुंदीत मिळून एका केसाच्या जाडीएवढी मोकळीक. जास्त झाली तर बेअरिंगची बाहेरची कडी हाउसिंगमध्ये गरगरते आणि घर खाते. कमी झाली तर सरकत नाही. शाफ्ट रेटतो, रोलर कडेला चेपले जातात, तापतात. मग तुम्ही येता."

"आणि साहेबांचं काय म्हणणं?"

"साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आपल्या कंपनीत सैल काही चालणार नाही." दिग्विजयनी चष्मा पुसला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या."

उत्कर्षाने विचारलं, "भोक कापून झाल्या झाल्या मोजलं नव्हतं ना वर्कशॉपने? तापलेलं लोखंड मोठं भरतं, निवलं की आवळतं."

"रात्रभर निवू दिलं. सकाळी आमच्या माणसासमोर मोजलं. बरोबर केसभर. शिक्का मारून घेतला."

"तुम्ही घाबरलाय कशाला मग?"

"मॅडम, माझं बरोबर आहे म्हणूनच घाबरलोय. सगळ्यांचंच बरोबर असलं की शेवटी एकाचं चुकवावं लागतं."

३

तुटकं सामान शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. मोठं हाउसिंग दोन अर्ध्या भागांत असतं. खालचा अर्धा जमिनीला, वरचा अर्धा टोपणासारखा. बेअरिंग खालच्या भागात ठेवायचं, वरून टोपण लावायचं, बोल्ट आवळायचे. बेअरिंगचा चुरा झाला होता, पण दोन्ही अर्धे शाबूत होते.

उत्कर्षाने मोजायची हत्यारं रात्रभर त्याच शेडमध्ये, त्याच लोखंडाशेजारी ठेवली, म्हणजे दोघांना एकच हवा लागेल. सकाळी दोन्ही अर्धे बोल्टांनी जोडून भोक मोजलं. परत मोजलं. आडवं, उभं, तिरकं. बरोबर केसभर मोठं. ड्रॉइंगमध्ये होतं तसंच.

बेअरिंगच्या तुकड्यांवरचा क्रमांक तिने बनवणाऱ्या कंपनीला कळवला. माल अस्सल निघाला. ग्रीस योग्य, तेही पुरेसं. पक्क्या बाजूचं जुनं बेअरिंग तर ठणठणीत होतं.

सगळं बरोबर आणि माणूस मेलेला, असे अहवाल तिने पूर्वी लिहिले होते. ते लवकर मंजूर होतात.

पण बेअरिंगच्या बाहेरच्या कडीचा जो तुकडा उरला होता त्याच्या पाठीवर तपकिरी पट्टा होता, काहीतरी जळून चिकटल्यासारखा. कडी हाउसिंगमध्ये सरकली असती तर तिथे घासल्याच्या आडव्या रेघा दिसल्या असत्या. एकही नव्हती. म्हणजे बेअरिंग तसूभरही हललं नव्हतं. भोक मोठं असून.

तिने हाउसिंगमधल्या ग्रीसच्या खाचेत बोट घातलं. काळ्या, करपलेल्या ग्रीसखाली काही कपचे हाताला लागले. पिवळट, पारदर्शक, चिक्कीवरच्या पाकासारखे. नखाने दाबला तर कट्‌कन मोडला. काडी लावली तर धूर सोडत जळला आणि मागे तपकिरी डाग राहिला. कडीवर होता तसाच.

हे काय आहे ते तिला कळलं नाही. पण भोकाचं माप आधी बरोबर होतं आणि नंतरही बरोबर होतं, मधल्या काळात मात्र बरोबर नव्हतं, एवढं कळलं.

४

"नवं हाउसिंग वर्कशॉपमधून कधी आलं?"

स्टोअरकीपर जितेशने बोटांवर हिशेब केला. "गणपती गेल्या गेल्या."

"आणि बसवलं दसऱ्याला? मधे काय केलं?"

"मधे पितृपक्ष होता ना मॅडम. नवं काम कोण काढतं? मग साहेब म्हणाले, आता दसऱ्यालाच. पूजा पण होईल."

"इतके दिवस ते इथेच होतं?"

"इथेच. हे बघा, मी एकदम टापटीप ठेवतो." खरंच टापटीप होतं. फरशीवर नवा हिरवा रंग, इतका चकाकता की जितेश त्यावरून अनवाणी चालायचा. त्याने फोन काढून दसऱ्याचा फोटो दाखवला. पाटावर हाउसिंगचे दोन अर्धे, झेंडूचा हार, बाहेरून कुंकवाचं स्वस्तिक. बाजूला साहेब, नारळ आणि स्मित. भोकाची गोलाई अशी लखलखत होती की तिच्यात नारळाचं प्रतिबिंब पडलं होतं.

"कापलेल्या भागाला तेल लावून पाठवतात ना वर्कशॉपवाले?"

जितेश फरशीवरचा न दिसणारा डाग पायाने पुसायला लागला.

"जितेश."

"लावलेलं होतं. पण ते फरशीवर ठिबकायला लागलं, आणि त्याच आठवड्यात ऑडिटवाले आले. साहेब म्हणाले, माझ्या स्टोअरमध्ये तेल दिसता कामा नये. मी पुसून काढलं. दोन दिवसांनी साहेब परत आले. कपाटातले बोल्ट गंजलेले दिसले, तर म्हणाले, माझ्या स्टोअरमध्ये गंज दिसता कामा नये."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बोल्ट लपवले."

"आणि हाउसिंग?"

"ते कुठे लपवणार? चार माणसं लागतात उचलायला."

उत्कर्षाने फोटो मोठा केला. "जितेश, तुमच्या घरी विळी आहे?"

"आहे की."

"धुऊन नुसती ठेवली तर या खाऱ्या हवेत किती वेळ चकचकीत राहते?"

"संध्याकाळपर्यंत," जितेश म्हणाला. मग फोटोकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "हे कसं काय राहिलं?"

"तेच मी विचारतेय. साहेब गंजावरून बोलले तेव्हा इथे कोण होतं?"

"मी होतो, पण मी ऐकलं नाही. साहेब ओरडले की मी ऐकत नाही." त्याने फोन खिशात टाकला. "आणि ते दोघे होते. निमेश आणि बन्सी."

५

दांडीला काशीबाई तामोरे ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. निमेश घराच्या मागे, समुद्राकडे तोंड करून बसला होता. भरती होती की ओहोटी हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

"बोलत नाय," काशीबाई म्हणाली. "झोपतो, उटतो, परत झोपतो. पोलीस बोलावतात तवा जातो. डोल्यात पानी पन नाय. मी सांगते बाबा रड, तर बोलतो आई, नंतर."

किनाऱ्यावर तामोऱ्यांची होडी ओढून ठेवली होती. केबिनची लाकडी बाजू अर्धी चकाकत होती, अर्धी कोरडी.

"मावशी, हे अर्धंच का केलंत?"

"वारनीस संपला. आमी दर साली लावतो, खारं पानी आत शिरत नाय. यंदा अर्धा डबा बन्सीनं नेला. जेवायला आलता तवा बगितलान आनि बोलला, आय, थोडा दे, मशीनच्या देवाला लावतो. उगडा पडलाय, गंजेल. मी बोलले, ने. पन चांगला दोन हात मार, आनि भोकंसुद्दा सोडू नको, नायतर—"

"आई, गप."

निमेश मागे येऊन उभा होता. काशीबाईने जाळ्यात मान घातली.

उत्कर्षा त्याच्याबरोबर वाळूत चालत गेली.  

"डबा तुम्हाला कधी सापडला?"

"बन्सीला नेलं त्याच दिवशी. त्याच्या कपाटात. ब्रश पन व्हता, कडक झालेला." त्याने समुद्राकडे हात केला. "टाकून दिला."

"बसवताना दिसलं नाही?"

"काय दिसनार? काचेसारका व्हता. मला वाटलं, काय मस्त कापलाय वर्कशॉपवाल्यानं. टोपन लावायच्या आदी मी मापाची पातल पट्टी घालून फट बगितली. लावल्यावर परत बगायची असते. नाय बगितली. साहेब नारळ घेऊन उबे व्हते, मुहूर्त जात व्हता. बन्सी बोलला, भाऊ, आवळ." तो थांबला. "मी आवळला."

"म्हणून तुम्ही मारलं?"

"मंग कोनी मारलं?"

"वॉर्निश तुम्ही लावलं नाही."

"मी लावलं असं लिवा. बन्सीच्या बायकोला, वहिनीला, कॅन्टीनात घेनार हायत. त्यानं सोताच्या हातानं केलं असं साहेबाला कललं तर घेतील? तिला गावाला परत जावं लागेल. तिकडं तिचं कोन नाय." त्याचा आवाज सपाट होता, बाजारभाव सांगावा तसा. "माझं काय. शनिवारी नेतील तर नेतील."

"निमेश, हे मी लिहिणार नाही."

"मंग तुमचा तुमी बगा. मी इचारल्यावर हेच सांगनार. आनि आई कायपन सांगनार नाय."

६

"सोपं आहे," उत्कर्षा प्लांट हेड साहेबांना म्हणाली. "केसभर मोकळीक होती. बन्सीने वॉर्निशचे दोन हात दिले, खालच्या अर्ध्याला आणि टोपणालाही. भोकात दोन्हीकडून मिळून दोन केसांची जाडी भरली. टोपण आवळलं तेव्हा बेअरिंग चिमट्यात सापडलं. भट्टी पेटेपर्यंत काही झालं नाही. भट्टी पेटली, शाफ्ट वाढला, बेअरिंग सरकेना. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या आचेत वॉर्निश जळून गेलं, म्हणून मी मोजलं तेव्हा माप परत बरोबर भरलं. ग्रीसखाली दबलं तेवढंच उरलं."

"आणि हे त्या ढाकणेने लावलं?" साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याचीच चूक. मग फिटरचा विषय संपला, कॅन्टीनचाही संपला. मॅडम, तुम्ही फार छान—"

"तेल कुणी पुसायला लावलं?"

"फरशी खराब होत होती."

"आणि गंज दिसता कामा नये कुणी सांगितलं?"

"तो तर सर्वसाधारण आदेश होता."

"दोन्ही आदेश पाळून ते लोखंड समुद्राच्या हवेत महिनाभर ठेवायचं एकच साधन त्या माणसाला माहीत होतं. ते त्याने होडीवर बघितलं होतं. माझ्या अहवालात कारण म्हणून हे दोन आदेश लिहिलेत, एकाखाली एक. लावणाऱ्याने हुकूम पाळला, असं लिहिलंय."

साहेबांनी चहा ढवळला. त्यात साखर नव्हती, त्यांना मधुमेह होता.

"पुरावा काय?" ते मऊपणे म्हणाले. "चार कपचे? फिटर म्हणतो मी केलं. त्याची आई बोलत नाही. जितेश तर काही ऐकतच नाही. पोलिसांकडे एका माणसाची कबुली आहे मॅडम. तुमच्याकडे एक अंदाज आहे."

उत्कर्षाने कपच्यांची पुडी परत पर्समध्ये ठेवली. तो शुक्रवार होता.

७

बोईसरजवळच्या सरावलीत, आपल्या खोलीत, बन्सीची बायको रूपाली कपड्यांच्या घड्या घालत होती. कंपनीने बन्सीचे गणवेश परत मागितले होते.

"दोन जोड द्यायचेत," ती म्हणाली. "तिसरा अंगावर व्हता, तो माफ केलाय."

उत्कर्षा खाली बसली. कसं सुरू करावं याची तिने रिक्षात तयारी केली होती. ती आता कुठे सापडेना.

"ताई, बन्सी दसऱ्याच्या आधी कारखान्यात काहीतरी—"

"वारनीस ना?"

उत्कर्षाने तो शब्द काढला नव्हता.

"बोटं एकमेकांना चिकटली व्हती त्यांची," रूपाली घडी घालत म्हणाली. "शेजारच्या रंगाऱ्याकडून टर्पेंटाइन आणलं अन् एकेक बोट सोडवलं मी. हसत व्हते. म्हणले, असं लखलखतंय की साहेब त्यात भांग पाडतील."

"हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं? की त्यानेच पंखा—"

"पंख्यातलं मला काय कळतंय. पण निमेशभाऊ दाराशी येऊन म्हणले, वहिनी, माझ्यामुळं झालं, तवा त्यांच्या डोळ्यांकडं बघून कळलं की त्यांच्यामुळं झालेलं नाही. माझ्याकडं बघतच नव्हते. मग येकच गोष्ट राहिली."

"बोलला का नाहीत?"

रूपालीने दुसरा सदरा घेतला. त्याची कॉलर सरळ केली.

"आधी वाटलं, ह्यांचं नाव कशाला घ्यायचं. मग कंपनीचा माणूस येऊन म्हणला, कॅन्टीनात घेऊ, तवा वाटलं, गप बसलेलं बरं. मग काहीच वाटंना. सकाळ झाली की उठायचं, एवढंच."

उत्कर्षाने तिला सगळं सांगितलं. केसभर जागा, तेल, गंज, दोन आदेश. "मी अहवालात बन्सीला दोष दिलेला नाही. पण तुम्ही जबाब दिलात तर साहेब कॅन्टीनचं काम देतीलच, असं मी सांगू शकत नाही. बहुतेक देणार नाहीत."

"अन् नाही दिला तर?"

"निमेशला उद्या अटक होईल."

रूपालीने घड्यांचा गठ्ठा पिशवीत भरला. पिशवी उत्कर्षापुढे ठेवली. "हे तुमी कंपनीत देऊन टाका, मला तिकडं जायचं नाही. ठाणं किती वाजता उघडतं?"

"ते बंद होत नाही."

"मग सकाळीच जाऊ."

शनिवारी निमेश ठाण्याच्या बाकावर बसला होता. धुतलेला सदरा, मांडीवर आईने दिलेला डबा. आत रूपाली जबाब देत होती. दाराबाहेर आवाज येत नव्हता, फक्त टाइप करणाऱ्या हवालदाराची एकेक की ऐकू येत होती. मधे तो थांबला, "वॉर्निश" म्हणजे कसं लिहायचं ते त्याने विचारलं आणि पुढे गेला. रूपालीने सही केली. उत्कर्षाने आपला अहवाल कपच्यांच्या पुडीसकट टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी दोन्ही वाचलं, पुडी उघडून हुंगली, आणि प्लांट हेड साहेबांचा नंबर मागितला.

मग ते दारात आले. "तामोरे, घरी जा. अटक वगैरे काही नाही आज. बोलावलं की ये, आणि या वेळी जे झालं तेच सांग."

निमेश उठला नाही. रूपाली बाहेर येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने पदराने तोंड पुसलं.

"वहिनी, तुमी कशाला आलात? कॅन्टीनचं गेलं ना आता."

"गेलं असंल."

"मंग?"

"मग काय. लुगड्याच्या दुकानात इचारीन, शाळेत इचारीन. येवढं मोठं बोईसर हाय." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "भाऊ, त्या दिवसापासनं मला भूक म्हणून लागली नव्हती. आत्ता लागलीय. उघडा तो डबा."

निमेशने डबा उघडला. झाकण हातात घेऊन तो तसाच बसला. रूपालीने डबा त्याच्या हातातून घेतला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्यापुढे धरला. तो रडत होता आणि खात होता, दोन्ही एकदम, आणि कुठलंच नीट जमत नव्हतं.

इथे बसून जेवायला मनाई आहे, असं हवालदार म्हणाला, आणि पाण्याचा जग आणायला आत गेला.